मेंदूच्या वेशीवर अडणारे औषध

पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाची सही ही त्याची अर्धी ओळख असते. चेकवर, भागीदारीच्या करारावर, मालाच्या पावतीवर चाळीस वर्षे एकाच वळणाने उमटलेली ती सही एखाद्या वर्षी आखडू लागते. पहिले अक्षर ठीक येते, पुढची अक्षरे लहान होत जातात आणि शेवटची रेघ जेमतेम टिंबाएवढी उरते. मग एके दिवशी ‘सही जुळत नाही’ या शेऱ्यासह चेक परत येतो. घरचे म्हणतात, वय झाले. मुलगा म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढला असेल. चालताना एक हात हलेनासा झाला आहे, सदऱ्याची बटणे लावण्यास पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो आहे, याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. अक्षर बारीक होत जाणे हे कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्स विकाराचे, वैद्यकशास्त्रात नोंदले गेलेले लक्षण आहे, आणि काही रुग्णांत ते हाताच्या थरथरीच्याही आधी दिसते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे पद्धतशीर वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. आपल्याकडे आयुर्वेदाला कंपवात त्याआधीच परिचित होता. मात्र या रोगात शरीरात नेमके काय बिघडते, हे कळण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागातील पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात. हालचालींचा आरंभ, वेग आणि तोल त्यावर अवलंबून असतो. या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि लक्षणे स्पष्ट दिसू लागेपर्यंत त्यांतील निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. तूट डोपामीनची आहे, तर बाहेरून डोपामीन द्यावे, असा साधा हिशोब कोणाच्याही मनात येईल. परंतु तो जुळत नाही. रक्तात सोडलेले डोपामीन मेंदूत शिरतच नाही.

ते का शिरत नाही, हे समजून घेण्यासाठी पुणेकरांना फार दूर जाण्याचे कारण नाही. कात्रजच्या आगम मंदिराच्या दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांनी तेथील तलाव पाहिलेला असतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, या तलावाचे पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधील हौदांपर्यंत नेण्यात आले. डोंगरातून आलेले गढूळ पाणी सरळ नळात सोडलेले नव्हते. गाळ आधी खाली बसावा आणि निवळलेले पाणीच पुढे जावे, अशी योजना होती. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. शहराला पाणी हवे होते, पण पाण्याबरोबर येणारे सर्व काही नको होते.

मेंदूची व्यवस्था याच विचाराची, पण कितीतरी अधिक काटेकोर आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या एका रेषेत मांडल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरेल, असा अंदाज आहे. शरीरात इतरत्र अशा रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पेशींमध्ये बारीक फटी असतात आणि त्यांतून पदार्थांची ये-जा होते. मेंदूत मात्र या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की फटीच उरत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्याच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सारे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. त्यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, आणि या वेळी मेंदू रंगला, उरलेले शरीर कोरे राहिले. मधे काहीतरी तटबंदी आहे, हे त्यातून दिसले. तिला आज रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. पेशींचे ते घट्ट जोड सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले ते १९६७ मध्ये.

या वेशीतून जाण्याचे नियम आहेत. प्राणवायूसारखे वायू सहज जातात. साखर आणि काही अमिनो आम्ले यांच्यासाठी स्वतंत्र दारे आहेत. त्या दारांवरील वाहक प्रथिने ओळखीचा माल तेवढाच उचलून आत नेतात. औषधाचा रेणू लहान असेल, स्निग्ध पदार्थात विरघळणारा असेल आणि त्यावर विद्युतभार नसेल, तर तो पेशींच्या भिंतीतून झिरपू शकतो. एवढे करून आत आलेल्या रेणूलाही बाहेर फेकणारे पंप तेथे बसविलेले आहेत. रोजच्या व्यवहारातील उदाहरण घ्यावयाचे तर सर्दीच्या गोळीचे घेता येईल. क्लोरफेनिरामीन ही जुनी गोळी घेतली की दुकानावर बसल्या बसल्या डुलकी लागते, कारण ती मेंदूत शिरते. त्याच कामासाठी आलेली फेक्सोफेनाडीन ही नवी गोळी मेंदूत जवळजवळ शिरत नाही आणि शिरू पाहील तर पंप तिला बाहेर काढतो, म्हणून झोप येत नाही. तेथे मेंदूत न शिरणे हा गुण ठरला. मेंदूच्याच रोगावर औषध शोधताना हाच गुण सर्वांत मोठा दोष होतो. औषध म्हणून विचारात घेतल्या जाणाऱ्या लहान रेणूंपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव मेंदूत शिरत नाहीत, असा एक गाजलेला अंदाज आहे.

डोपामीन असेच वेशीवर अडते. त्याच्यावर तोडगा सापडला, त्या इतिहासाच्या एका टोकाला मुंबई आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांच्या वापरात फार पूर्वीपासून होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग पाश्चात्त्य पद्धतीने तपासला आणि १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगाचे लक्ष त्या मुळीकडे वळले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रेसर्पिन मेंदूत शिरते आणि तेथील डोपामीनचा साठा रिकामा करते. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनमुळे निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा नावाचे अमिनो आम्ल दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामीनचा आणि हालचालीचा संबंध येथे दिसला. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

लेव्होडोपाचा रेणू डोपामीनहून आकाराने थोडा मोठाच आहे. तरीही तो मेंदूत जातो, कारण तो अमिनो आम्ल आहे आणि त्याच्यासाठी ओळखीचे दार आहे. आत गेल्यावर त्याचे डोपामीन होते. व्हिएन्नात १९६१ मध्ये बर्कमायर आणि हॉर्निकीविच यांनी ते रुग्णांना शिरेतून दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे थोड्या वेळापुरती का होईना उठून चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी मोठ्या प्रमाणात तोंडावाटे देण्याची पद्धत दाखविली. पण मोठ्या प्रमाणाबरोबर मळमळ, उलटी आणि रक्तदाब घसरणे हेही आले. कारण लेव्होडोपाचे डोपामीनमध्ये रूपांतर करणारे एंझाइम, ज्याला मराठीत विकर म्हणतात, ते आतड्यात, यकृतात आणि सर्व शरीरात असते. बहुतेक माल वाटेतच खर्च होई आणि मेंदूपर्यंत शंभरातील एखादाच भाग पोहोचे. कात्रजहून सोडलेले पाणी वाटेतल्या मळ्यांनीच उपसावे आणि वाड्यात ओंजळभर पडावे, तसा हा प्रकार होता.

येथे विकर रोधकाचे काम सुरू होते. विकर म्हणजे शरीरातील कारागीर. एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर करणे हे त्याचे एकच ठरलेले काम. या कारागिराच्या हाती नेमका बसेल असा एखादा लहान रेणू दिला, की त्याचे हात अडकतात आणि ते काम थांबते. असा रेणू म्हणजे रोधक. कार्बिडोपा हा असाच रोधक आहे. तो लेव्होडोपाचे रूपांतर करणाऱ्या विकराला अडवितो, पण स्वतः मेंदूच्या वेशीतून आत जाऊ शकत नाही. त्यामुळे वाटेतील गळती थांबते आणि मेंदूतील रूपांतर मात्र सुरळीत चालू राहते. कार्बिडोपाच्या जोडीने लेव्होडोपाचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने कमी करता आले. १९७५ पासून अमेरिकेत उपलब्ध असलेली ही जोडगोळी आज पुण्यातल्या कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळते आणि या रोगावरचा मुख्य उपचार अद्याप तोच आहे.

दुसऱ्या प्रकारचा रोधक याच्या उलट हवा असतो. मेंदूत तयार झालेले डोपामीन तेथेच मोडून टाकणारे एक विकर आहे, मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी. त्याला अडवावयाचे तर रोधकाने मेंदूत शिरलेच पाहिजे. हंगेरीतील बुडापेस्ट येथे योझेफ क्नोल यांनी १९६० च्या दशकात सेलेजिलीन या रेणूवर काम केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कंपवात नव्हता. मनाच्या उदासीनतेवरील औषध म्हणून त्याचा विचार चालला होता. हा रेणू लहान, स्निग्धात विरघळणारा आणि मेंदूत सहज जाणारा निघाला. पुढे इस्रायलमध्ये रासाजिलीन तयार झाले, त्याला २००६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. सॅफिनामाइडला २०१७ मध्ये मिळाली. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल हेही मेंदूत पोहोचणारे रोधकच आहे. ते अॅसिटाइलकोलीन मोडणाऱ्या विकराला अडविते. १९९६ पासून ते वापरात आहे.

मेंदूत सहज शिरणारा प्रत्येक रेणू हिताचाच असतो असे नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे एकाएकी लाकडासारखी ताठ झाली. त्यांनी घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी नावाची भेसळ निघाली. ती मेंदूत शिरे, तेथील मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी तिचे विषात रूपांतर करी, आणि ते विष नेमक्या डोपामीनच्या पेशी मारी. प्राण्यांत या विकराला आधी अडविले तर हानी टळते, असे दिसून आले. मग सेलेजिलीनने माणसातील रोगाची वाढच रोखता येईल, ही आशा निर्माण झाली. अमेरिकेत आणि कॅनडात ८०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. लेव्होडोपा सुरू करण्याची वेळ काही महिन्यांनी लांबली, परंतु रोगाची वाढ थांबते हे सिद्ध झाले नाही. लक्षणे कमी करणे ही एक गोष्ट आणि रोग थांबविणे ही दुसरी. कर्जाचे व्याज भरत राहिल्याने मुद्दल फिटत नाही, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

मुद्दल फेडणारे औषध शोधण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रातून झाला, आणि त्याची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. सी-एबल नावाचे एक विकर आहे. रक्ताच्या एका कर्करोगात त्याचा बिघाड कारणीभूत असतो, म्हणून त्याचे रोधक कर्करोगावर वापरले जातात. हेच विकर कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत प्रमाणाबाहेर काम करते आणि पेशींच्या नाशाला हातभार लावते, असे संशोधकांना आढळले. मग कर्करोगावरील निलोटिनिब हे औषध कंपवातात देऊन पाहावे, असा विचार पुढे आला. वॉशिंग्टनमध्ये अवघ्या १२ रुग्णांवर झालेल्या प्राथमिक अभ्यासाची २०१५ मध्ये वृत्तपत्रांतून फार चर्चा झाली, जरी त्या अभ्यासात तुलनेसाठी बनावट गोळी घेणारा गट नव्हता. नंतर ७६ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. तीत लाभ दिसला नाही. मेंदूभोवतीच्या द्रवात औषधाचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाले. औषध वेशीवरच अडले होते.

यातून स्वाभाविक प्रश्न निर्माण झाला. वेस ओलांडणारा रोधक दिला तर? मुंबईतील सन फार्मा अॅडव्हान्स्ड रिसर्च कंपनी, जी २००७ मध्ये सन फार्मापासून वेगळी होऊन केवळ संशोधनासाठी शेअर बाजारात नोंदली गेली, तिच्याजवळ व्होडोबाटिनिब नावाचा सी-एबलचा रोधक होता. तोही मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झालेला. प्राथमिक तपासण्यांत तो मेंदूभोवतीच्या द्रवात विकराला अडविण्याइतक्या प्रमाणात पोहोचतो, असे दिसले. त्यानंतर प्रोसीक या नावाने अनेक देशांत मिळून सुरुवातीच्या अवस्थेतील सुमारे ५०० रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. काहींना औषधाची गोळी, काहींना दिसायला तशीच पण औषधरहित गोळी, आणि कोणाला कोणती हे रुग्णाला वा डॉक्टरांना ठाऊक नाही, अशी ४० आठवड्यांची रचना होती. २०२४ मध्ये निष्कर्ष आला. औषध घेणाऱ्यांची स्थिती औषधरहित गोळी घेणाऱ्यांहून चांगली नव्हती. कंपनीने तसे जाहीर केले आणि शेअरची किंमत कोसळली.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार झाला. पण या निष्कर्षाकडे रोग्याच्या बाजूने पाहिले तर त्यात जमेची बाजूही आहे. निलोटिनिबच्या वेळी प्रश्न अनिर्णित राहिला होता, कारण औषध पोहोचलेच नव्हते. सी-एबलला अडविणे निरुपयोगी आहे की औषधच आत गेले नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. व्होडोबाटिनिबने तो प्रश्न बराचसा सोडविला. आत पोहोचूनही उपयोग झाला नाही. कदाचित रोग्यांना औषध फार उशिरा मिळाले असेल, कदाचित ४० आठवडे अपुरे असतील, कदाचित हे विकर रोगाचे कारण नसून केवळ परिणाम असेल. या शंका शिल्लक आहेत. परंतु औषध मेंदूपर्यंत नेता आले म्हणजे काम झाले, हा समज त्यामुळे दूर झाला. माल योग्य गावी वेळेवर उतरला, तरी त्या गावात त्याला गिऱ्हाईक असेलच असे नाही.

ही गोष्ट घरोघरी कळणे आवश्यक आहे, कारण मोबाइलवर दर आठवड्याला कंपवातावरील नव्या औषधाची बातमी येते. ती वाचताना चार प्रश्न विचारावेत. हा प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर? तुलनेसाठी औषधरहित गोळी घेणारा गट होता काय? आणि औषध मेंदूत पोहोचल्याचे मोजले गेले काय? चारांपैकी एकाचेही उत्तर बातमीत नसेल, तर त्या भरवशावर वडिलांची चालू गोळी बदलण्याचा विचारही करू नये.

हाच न्याय वनौषधींनाही लावावा. सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात पसरणारी खाजकुइलीची वेल ग्रामीण वाचकांना तिच्या खाजऱ्या शेंगांमुळे ठाऊक असेल. तिच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्येच बियांतून वेगळे केले होते. मुंबईतील संशोधकांनी १९७८ मध्ये या बियांच्या चूर्णाचा कंपवातातील उपयोग प्रसिद्ध केला. पुढे एचपी-२०० या नावाने तयार केलेल्या चूर्णाची ६० रुग्णांवर १२ आठवडे चाचणी होऊन तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये छापले गेले आणि लक्षणांत सुधारणा नोंदली गेली. म्हणजे या वनस्पतीत सत्त्व आहे, याबद्दल वाद नाही. पण तिच्यातील कार्यकारी द्रव्य तेच आहे जे गोळीत आहे. डॉक्टरांची गोळी चालू असताना कोणी ‘निरुपद्रवी चूर्ण’ म्हणून सकाळ-संध्याकाळ चमचाभर बी घेतले, तर लेव्होडोपाचे प्रमाण नकळत वाढते. शिवाय बियांतील प्रमाण झाडागणिक बदलते आणि सुट्या पुडीवर ते लिहिलेले नसते. चूर्ण घ्यावयाचे असेल तर ते डॉक्टरांना सांगून, मोजून घ्यावे. मोजमापाशिवाय माल घेण्याची रीत पेढीवर नाही, ती देव्हाऱ्याशेजारच्या औषधांच्या फडताळातही नसावी.

जैन कुटुंबांच्या दिनचर्येशी या औषधाचा संबंध आणखी एका मार्गाने येतो. लेव्होडोपाला मेंदूत नेणारे दार अन्नातील अमिनो आम्लांसाठीही तेच आहे. भरपूर डाळ, पनीर किंवा दूध असलेल्या जेवणाबरोबर गोळी घेतली, की दारात गर्दी होते आणि औषध मागे राहते. म्हणून गोळी साधारणतः जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेण्यास सांगतात. लोहाच्या गोळ्याही तिच्याबरोबर घेऊ नयेत. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. लेव्होडोपा दिवसातून तीन, चार, कधी पाच वेळा घ्यावी लागते, आणि ती अचानक बंद केली तर तीव्र ताठरपणा, ताप आणि शुद्ध हरपणे असा जिवावर बेतणारा प्रसंग येऊ शकतो. चौविहार पाळणारे किंवा पर्युषणात उपवास करणारे वडीलधारे अनेकदा घरात न सांगता गोळ्या वगळतात. पाणीही वर्ज्य असलेल्या उपवासात रक्तदाब आणखी घसरतो, उभे राहताना तोल जातो आणि मांडीचे हाड मोडण्यापर्यंत वेळ येते.

यावर उपाय नाही असे नाही, पण तो उपवासाच्या आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी शोधावा. रासाजिलीनसारखी गोळी दिवसातून एकदाच असते, ती दिवसा घेता येते. लेव्होडोपाच्या वेळा सूर्यास्तापूर्वी किती सरकविता येतील, संथ गतीने विरघळणारी गोळी चालेल काय, हे मेंदूविकारतज्ज्ञ सांगू शकतात. रुग्णावस्थेत कोणते पच्चक्खाण घ्यावे, हे गुरुमहाराजांना विचारावे. त्यांच्यासमोर डॉक्टरांचा कागद ठेवण्यात संकोच कसला? कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असण्याची शंका असेल, तर औषध परस्पर बंद न करता गोळीच्या किंवा वनस्पतिजन्य आवरणाच्या पर्यायाबद्दल औषधविक्रेत्याकडे चौकशी करावी. सेलेजिलीन वा रासाजिलीन चालू असताना खोकल्याचे औषध परस्पर आणू नये, कारण त्यांपैकी कित्येकांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते आणि ते या गोळ्यांबरोबर चालत नाही. ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकांचेही तसेच आहे. रुग्णालयात दाखल होताना चालू औषधांची यादी खिशात असावी.

पैशांच्या व्यवहाराची तजवीजही याच टप्प्यावर करावी. सही बदलली असेल तर बँकेत जाऊन नमुना सही नव्याने द्यावी. खाते संयुक्त करावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी सूचना नोंदवावी, नामनिर्देशन तपासून घ्यावे. आजारपणामुळे सही करणेच अशक्य झाले, तर दोन साक्षीदारांसमक्ष, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. हे सर्व वडिलांची बुद्धी शाबूत असताना, त्यांना विचारून आणि त्यांच्या देखत व्हावे. कंपवातात हात मंदावतो, चेहरा निर्विकार दिसतो, आवाज खाली जातो. त्यामुळे समोरच्याला वाटते की यांना काही कळत नाही. बहुतेकांना दीर्घकाळ सर्व कळत असते. गल्ल्यावरची किल्ली त्यांच्या नकळत काढून घेण्याइतका अपमान दुसरा नाही.

मुंबईतील पारशी वसाहतींत केलेल्या एका पाहणीत, जी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, दर लाखात ३२८ जणांना हा विकार आढळला होता. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक होते, हे त्याचे एक कारण. आपल्या कुटुंबांतही आयुर्मान वाढते आहे, तेव्हा हा पाहुणा अधिक घरांत येणार हे धरून चालावे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत २००१ पासून कार्यरत असलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांना व्यायाम, माहिती आणि सोबत देतात. रोज चालणे, मोठ्याने वाचणे, रेघांच्या वहीत मुद्दाम मोठी अक्षरे काढणे, यांचा उपयोग होतो.

सर्व रुग्णांच्या वतीने एक ऋण नोंदवून ठेवले पाहिजे. प्रोसीक चाचणीत भाग घेतलेल्या त्या सुमारे पाचशे माणसांनी, आपल्याला औषध मिळते आहे की साधी गोळी हे ठाऊक नसताना, महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या आणि तपासण्या करून घेतल्या. त्यांच्यापैकी कोणालाही त्या गोळीने बरे केले नाही. पण पुढच्या संशोधकाला कोणत्या वाटेने जाण्यात अर्थ नाही, हे त्यांच्यामुळे कळले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एखाद्या रीतसर, नैतिक समितीने मान्य केलेल्या चाचणीत सहभागी होण्याविषयी डॉक्टरांनी विचारले, तर लगेच नकार देऊ नये. कागद शांतपणे वाचावा, सर्व शंका विचाराव्यात, बाहेर पडण्याचा हक्क केव्हाही आहे याची खात्री करून घ्यावी, आणि मग त्यांचा निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा.